पीएमपी, सीएपीएम आणि आपला धंदा: घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची असेल तर



क्रिटिकल पाथवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, ते पीएमपी सर्टिफिकेट करू का? क्लासवाले बरेच पैसे सांगतात, घरी बसून अभ्यास होईल का?" (पुणेकरांनो, ही बसवाली पीएमपी नाही, गैरसमज नको.) व्हिडिओत दहा मिनिटांत हे सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये थोडं गणित आहे.

छोटं उत्तर आधी देतो. घरी अभ्यास करून होतं. पण "होईल का" याच्या आधी "मला हवंय का" हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत.

आधी हे ठरवा: कशासाठी?

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मुख्यालय असलेली पीएमआय, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, ही १९६९ मध्ये सुरू झालेली संस्था हे प्रमाणपत्र १९८४ पासून देते. ही सरकारी डिग्री नाही, कसला परवानाही नाही.

काही जणांचा इथे गोंधळ होतो. पीएमईजीपी किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी अर्ज करताना बँक 'प्रोजेक्ट रिपोर्ट' मागते. तो वेगळा. त्यात मशिनरी किती, खेळतं भांडवल किती, हप्ता फिटेल का, हे दाखवायचं असतं. त्यासाठी पीएमपी लागत नाही. उद्यम नोंदणीला लागत नाही, मुद्रा लोनला लागत नाही. कुणी तुम्हाला "सर्टिफिकेट केलं की लोन लगेच" असं सांगत असेल तर नमस्कार करून उठा.

मग कुणाला उपयोग? ज्याचा धंदाच 'कामं घेऊन पूर्ण करून देणं' असा आहे त्याला. इंटिरिअर, सोलर बसवणं, फॅब्रिकेशन शेड, इव्हेंट, सॉफ्टवेअर, एमआयडीसीतल्या कंपन्यांची यंत्रं बसवून देणं. आणि त्यातही ज्याला मोठ्या कंपन्यांचं किंवा परदेशी ग्राहकाचं काम हवंय त्याला. अशा ठिकाणी समोर कोटेशन वाचणारा माणूस स्वतः बऱ्याचदा पीएमपी असतो, त्याला तुमची भाषा कळते. दुसरा गट म्हणजे नोकरी करता करता धंद्याची तयारी करणारे. त्यांना हे प्रमाणपत्र दोन्हीकडे चालतं.

तुम्ही लोणची-पापड विकता, किराणा चालवता, शिवणकाम करता, आणि सगळे ग्राहक गावातलेच आहेत? माझं स्पष्ट मत: परीक्षेचे पैसे वाचवा, अभ्यास मात्र करा. अभ्यासातला तीन-चार गोष्टींचा भाग तुम्हाला प्रमाणपत्रापेक्षा जास्त कमावून देईल. त्या गोष्टी खाली येतीलच.

पीएमपी की सीएपीएम?

पीएमपीला अनुभव लागतो. पदवीधर असाल तर प्रकल्प पुढाकाराने चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव, आणि पदवी नसेल, म्हणजे बारावी किंवा त्या पातळीचं शिक्षण असेल, तर ६० महिन्यांचा. तोही जुनापुराणा नाही, अलीकडच्या वर्षांतला. शिवाय प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ३५ तासांचं शिक्षण.

सीएपीएम म्हणजे सर्टिफाइड असोसिएट. ही त्याच संस्थेची धाकटी परीक्षा. हिला अनुभवाची अट नाही, बारावी आणि २३ तासांचं शिक्षण पुरतं. १५० प्रश्न, तीन तास. नुकतीच सुरुवात करणाऱ्यांनी इथूनच जावं असं मी सांगेन. कारण हिच्यात बिझनेस ॲनालिसिस, म्हणजे ग्राहकाला नेमकं काय हवंय ते काढून घेण्याचं शास्त्र, जवळजवळ पाव हिस्सा आहे. नवीन उद्योजकाला नेमकं तेच जमत नसतं. आणि पुढे पीएमपी करायचं ठरलं तर सीएपीएम असलेल्याला ते ३५ तास वेगळे दाखवावे लागत नाहीत.

आता अनुभवाचं बघू, कारण धंदेवाल्या माणसाचा अर्ज इथेच अडतो. "मी १२ वर्षं दुकान चालवतोय" हा प्रकल्पाचा अनुभव नाही. रोजचं दुकान म्हणजे ऑपरेशन्स. प्रकल्प म्हणजे ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि शेवटी काहीतरी नवीन उभं राहतं असं काम. दुकानाची दुसरी शाखा उघडणं हा प्रकल्प. त्या शाखेत रोज गल्ला मोजणं हा प्रकल्प नाही. मंगल कार्यालय चालवणं ऑपरेशन्स, पण एका लग्नाच्या सजावटीचं काम घेऊन ते पार पाडणं प्रकल्प.

दुसरी गोम: महिने एकदाच मोजतात. जानेवारी ते जून या काळात तुम्ही तीन साइट एकदम चालवल्या तर ते १८ महिने होत नाहीत, सहाच होतात.

तिसरी: काही अर्ज तपासणीसाठी निवडले जातात, त्याला ऑडिट म्हणतात. त्यात तुम्ही लिहिलेल्या कामाची माहिती असलेल्या माणसाची सही लागते. नोकरदाराला त्याचा साहेब सही देतो. तुम्ही स्वतःच मालक असाल तर ज्याचं काम केलं तो ग्राहक, कंपनीतला संपर्काचा माणूस, अशांशी अर्ज भरण्याआधीच बोलून ठेवा. वर्क ऑर्डर, बिलं, पूर्णत्वाचं पत्र एका फाइलमध्ये लावा. खोटे महिने लिहू नका. पकडले गेलात तर परीक्षा जाते, आणि ज्या ग्राहकाकडे खोटी सही मागायला गेलात तोही जातो.

'घरी अभ्यास' म्हणजे नेमकं काय

नुसतं पुस्तक वाचलं, माझे व्हिडिओ बघितले, तर ते तास धरत नाहीत. माझेसुद्धा नाहीत, आधीच सांगतो. ते ३५ तास (किंवा सीएपीएमचे २३) अशा कोर्सचे लागतात जिथे शिकवलं जातं आणि शेवटी चाचणी होऊन तास लिहिलेलं प्रमाणपत्र मिळतं. पण असा कोर्स ऑनलाइन, आपल्या वेळेला बघायचा चालतो. शनिवार-रविवार हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन बसायची सक्ती नाही. म्हणजे महागडा क्लास टाळता येतो, कोर्स टाळता येत नाही. कोर्स घेताना एकच विचारा: "प्रमाणपत्रावर तास लिहून येतात का, आणि शेवटी चाचणी आहे का?" बाकी '१०० टक्के पास गॅरंटी'वाल्या जाहिराती बघून मला हसू येतं. परीक्षा पीएमआय घेते, गॅरंटी हा कुठून देणार?

पुस्तकांचं सांगतो. पिमबॉक गाइड हे पीएमआयचं मुख्य पुस्तक. सदस्य झालात तर त्याची पीडीएफ फुकट मिळते आणि परीक्षेच्या फीमध्येही सवलत मिळते, म्हणून सदस्यत्व आणि फी यांची बेरीज करून बघा, मग ठरवा. पण पिमबॉक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत ४९ प्रक्रिया होत्या, सगळं कोष्टकात मांडलेलं. २०२१ च्या सातव्या आवृत्तीने ते बदलून १२ तत्त्वं आणि ८ कार्यक्षेत्रं आणली. आता आठवीही आली आहे. नवखा माणूस जुन्या-नव्या नोट्स एकत्र वाचतो आणि डोकं धरून बसतो.

त्यापेक्षा आधी एक वेगळा कागद उतरवून घ्या: एक्झाम कंटेंट आउटलाइन. पीएमआयच्या साइटवर फुकट आहे. परीक्षेत काय येणार ते या आराखड्यावर ठरतं, पुस्तकावर नाही. २०२१ पासूनच्या आराखड्यात माणसं सांभाळणं ४२ टक्के, प्रक्रिया ५० टक्के आणि व्यवसायाची परिस्थिती ८ टक्के असं वजन होतं, आणि साधारण निम्मे प्रश्न ॲजाइल किंवा मिश्र पद्धतीचे. जुलै २०२६ पासूनच्या नव्या आराखड्यात व्यवसायाच्या भागाचं वजन बरंच वाढवलंय. धंदेवाल्यांसाठी ही चांगलीच बातमी. तुमची परीक्षेची तारीख कुठल्या आराखड्यात बसते ते बघा आणि मगच सराव संच विकत घ्या. कुणी दोन वर्षांपूर्वीच्या नोट्स प्रेमाने दिल्या तर प्रेम ठेवा, नोट्स बाजूला ठेवा.

ॲजाइलसाठी स्क्रम गाइड वाचा. थोड्या पानांचं आहे, फुकट आहे, एका संध्याकाळी होतं. स्प्रिंट एक महिन्यापेक्षा मोठी नसते, रोजची बैठक १५ मिनिटांची, कुणाची काय जबाबदारी, एवढं त्यातून पक्कं होतं.

परीक्षा मराठीत नाही. इंग्रजी वाचायची सवय कमी असेल तर घाबरू नका, पण एक वही घाला. डाव्या बाजूला परीक्षेतला शब्द, उजव्या बाजूला आपल्या धंद्यातलं उदाहरण. नुसतं भाषांतर नको. रिस्क म्हणजे जे अजून घडलं नाही: "पावसात रंग वाळणार नाही." इश्यू म्हणजे जे घडलं: "पाऊस आला, रंग ओघळला." क्वालिटी आणि ग्रेड: स्टीलचा डबा वरच्या ग्रेडचा, प्लॅस्टिकचा खालच्या. पण झाकण नीट बसत नसेल तर स्टीलचा डबाही क्वालिटीत नापास. कमी ग्रेड चालू शकते, कमी क्वालिटी कधीच नाही. हा फरक एकदा डब्यावरून कळला की परीक्षेत विसरत नाही.

एक मसाला युनिट कागदावर

आता गणित. यातली आकडेमोड आठवी पास मुलगा करेल अशी आहे, तरी लोक हाच भाग सोडून देतात. समजा तुम्ही मसाला कांडप युनिट टाकताय. पैशांची सोय झाली आहे. कामं आणि दिवस असे धरू (दिवस माझे, तुमच्या गावात वेगळे असतील):

जागेचा करार: १० दिवस.
करार झाल्यावर थ्री-फेज वीज जोडणी: ३० दिवस.
करार झाल्यावर फरशी, ओटा, वायरिंग: १५ दिवस.
मशिनची ऑर्डर देऊन ते येईपर्यंत: ३५ दिवस, ही ऑर्डर पहिल्याच दिवशी देता येते.
वीज, फरशी आणि मशिन तिन्ही झाल्यावर बसवणं आणि चाचणी: ५ दिवस.
जागेचा पत्ता मिळाल्यावर एफएसएसएआय नोंदणी: १० दिवस.
नोंदणी क्रमांक मिळाल्यावर पाकिटांची छपाई: २० दिवस.
चाचणी आणि छपाई दोन्ही झाल्यावर पहिला लॉट: ४ दिवस.

आता वाटा मोजा. करार, वीज, बसवणं, लॉट: १०+३०+५+४ म्हणजे ४९ दिवस. मशिनची वाट: ३५+५+४ म्हणजे ४४. छपाईची वाट: १०+१०+२०+४, तीही ४४. फरशीची वाट: १०+१५+५+४ म्हणजे ३४. सगळ्यात लांब वाट ४९ दिवसांची, म्हणून युनिट ४९ दिवसांच्या आत सुरू होणार नाही. हीच क्रिटिकल पाथ. ही पद्धत १९५७ च्या सुमाराला अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत रासायनिक कारखान्यांच्या कामासाठी तयार झाली, आणि आपल्या कांडप मशिनलाही तशीच लागू पडते.

याचा पैशांत अर्थ बघा. मशिनवाला म्हणाला, "साहेब, जादा १५ हजार द्या, आठवडा आधी पाठवतो." वाटतं, द्यावेत, लवकर सुरू होईल. पण मशिनच्या वाटेवर आधीच ५ दिवसांची मोकळीक आहे, तिला फ्लोट म्हणतात. मशिन आठवडा आधी आलं तर ते वीज येईपर्यंत पोत्याखाली पडून राहील. तुमचे १५ हजार गेले आणि युनिट त्याच दिवशी सुरू झालं. तोच वेळ आणि धावपळ वीज जोडणीच्या कागदांवर घातली असती तर प्रत्येक दिवस खरा वाचला असता.

आणि ती छपाई बघा. पाकिटावर नोंदणीचा १४ आकडी क्रमांक लागतो. तो मिळायच्या आधी उत्साहात दहा हजार पाकिटं छापून घेतली तर ती रद्दीत. कामांचा क्रम कागदावर मांडला की अशी जोडलेली कामं डोळ्याला दिसतात, डोक्यात ठेवली की दिसत नाहीत.

वीज जोडणीचे ३० दिवस हा अंदाज. परीक्षेत तीन आकड्यांचा अंदाज विचारतात: सगळं छान झालं तर २०, साधारण ३०, वाईट झालं तर ७०. सूत्र: छान अधिक चारपट साधारण अधिक वाईट, भागिले सहा. २०+१२०+७०, म्हणजे २१०, भागिले ६, आले ३५. म्हणजे मनात ३० धरून चाललेला माणूस पाच दिवसांनी चुकणार, आणि हे काम क्रिटिकल वाटेवर असल्याने युनिट ४९ ऐवजी ५४ व्या दिवशी. दुकानदारांना "दिवाळीच्या आधी माल देतो" असा शब्द देण्यापूर्वी हे पाच दिवस माहीत हवेत की नाही?

आता पैशांचं. युनिटचं एकूण बजेट १० लाख. काही दिवस गेले, ठरल्याप्रमाणे आत्तापर्यंत ४ लाखांचं काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात जे झालं त्याची बजेटमधली किंमत ३ लाख. आणि खिशातून गेले ३ लाख ६० हजार. बहुतेक जण काय म्हणतील? "४ लाख खर्च व्हायचे होते, ३.६० च झाले, ४० हजार वाचले!" इथेच फसगत होते. झालेल्या कामाला खर्चाने भागा: ३ भागिले ३.६०, आले ०.८३. हा सीपीआय. म्हणजे प्रत्येक रुपयामागे ८३ पैशांचंच काम मिळतंय. झालेल्या कामाला ठरलेल्या कामाने भागा: ३ भागिले ४, ०.७५. हा एसपीआय, म्हणजे वेळेतही मागे. हाच वेग राहिला तर १० लाखांचं युनिट किती लाखांत होईल? ३ लाखांच्या कामाला ३.६० लागले, तर १० लाखांच्या कामाला १२. दोन लाख कमी पडणार, आणि हे तुम्हाला आज कळलं. काम निम्म्यावर असताना बँकेकडे किंवा सासऱ्यांकडे जाणं आणि शेवटच्या आठवड्यात जाणं यात किती फरक आहे ते मी सांगायला नको.

परीक्षेत आकडेमोडीचे प्रश्न थोडेच असतात. तरी मी यावर इतका वेळ घालवला, कारण जे परीक्षा देणार नाहीत त्यांनी निदान एवढं तरी घेऊन जावं.

"एवढं करून द्या ना"

परीक्षेत जास्त प्रश्न प्रसंगाचे असतात. असं झालं, आता प्रोजेक्ट मॅनेजरने आधी काय करावं? चार पर्याय, चारही बरे वाटणारे. आपली धंद्याची सवय इथे आडवी येते. एक प्रसंग माझ्या शब्दांत सांगतो.

फ्लॅटच्या इंटिरिअरचं काम निम्मं झालंय. वहिनी येतात आणि म्हणतात, "या भिंतीला अजून एक कपाट बसेल ना? एवढं करून द्या ना." तुम्ही काय कराल? एक, संबंध टिकवायचे म्हणून फुकट करून द्याल. दोन, करारात नाही म्हणून सरळ नाही म्हणाल. तीन, त्या कपाटाने खर्च, वेळ आणि बाकी कामावर काय फरक पडेल ते काढून, लेखी बदल म्हणून मंजुरीला ठेवाल. चार, घरमालकांना फोन लावून "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणाल.

आपल्याकडे निम्मे लोक पहिला पर्याय निवडतात, चिडलेले दुसरा. परीक्षेत तिसरा बरोबर. आधी परिणाम काढा, मग ठरलेल्या वाटेने मंजुरी, मग काम. आणि कुणी न मागता स्वतःहून जादा देणं, "चला, एक शेल्फ आपल्याकडून", यालाही परीक्षा चूक मानते. त्याला गोल्ड प्लेटिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला माणुसकी म्हणतात, मला कळतं. द्या की शेल्फ, पण ते कोटेशनमध्ये आधी धरून द्या.

पण थांबा. तोच प्रसंग ॲजाइल पद्धतीच्या कामात असेल तर उत्तर बदलतं. तिथे नवी मागणी कामांच्या यादीत जाते, आणि ती वर घ्यायची की खाली ते प्रॉडक्ट ओनर ठरवतो. बदल हा तिथे त्रास धरत नाहीत. म्हणून प्रश्नाची पहिली ओळ वाचताना आधी ओळखा, काम कुठल्या पद्धतीचं आहे. घाईत ती ओळ सोडणारे तयारी असूनही चुकतात.

माणसांच्या प्रश्नांतही असंच. कारागीर सारखा उशिरा येतोय. "काढून टाका" हे उत्तर जवळजवळ कधीच नसतं. "वरिष्ठांना कळवा" हेही पहिलं उत्तर नसतं. आधी त्याच्याशी एकट्याने बोला, कारण शोधा, अडचण दूर करता येते का बघा. सगळ्यांसमोर झापणं तर नाहीच. मालक म्हणून वाढलेल्या माणसाला ही उत्तरं सुरुवातीला मिळमिळीत वाटतात. दोनशे प्रश्न सोडवल्यावर वाटेनाशी होतात.

वेळ कुठून काढायचा

रोज दीड तास धरला तर सीएपीएमला साधारण दोन महिने आणि पीएमपीला तीन ते साडेतीन महिने, हा माझा अंदाज. दुकान नऊला बंद करून, जेवून, मग पुस्तक उघडणारे पंधरा दिवसांत थांबतात. पहाटे साडेपाच ते सात हीच वेळ बहुतेकांना झेपते. तारीख मात्र तुमच्या धंद्याचा हंगाम बघून घ्या. केटरिंगवाल्याने लग्नसराईत, मिठाईवाल्याने दिवाळीच्या महिन्यात, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असणाऱ्याने पेरणीच्या दिवसांत परीक्षा ठेवू नये. घरच्यांनाही तारीख सांगून टाका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला की पाहुणेही समजून घेतात. थोडेफार.

वेळेची विभागणी सांगायची तर एक तृतीयांश वाचन, बाकी सगळा सराव. आणि सरावात चुकलेला प्रश्न परत लिहून काढा: मी काय निवडलं, का निवडलं, बरोबर काय होतं. ही चुकांची वही शेवटच्या आठवड्यात सगळ्यात कामी येते. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा निदान तीन द्या, मोबाइल बंद करून, एका बैठकीत. पीएमआयचा स्वतःचा सराव संचही विकत मिळतो, स्टडी हॉल नावाचा. त्यातले काही प्रश्न मुद्दाम फार अवघड असतात, तिथे गुण कमी आले म्हणून खचू नका.

'खरे प्रश्न मिळतील' म्हणून टेलिग्रामवर पीडीएफ विकतात, ते घेऊ नका. परीक्षेतले प्रश्न बाहेर देणं-घेणं पीएमआयच्या नियमांत बसत नाही, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. त्यात उत्तरंही बऱ्याचदा चुकीची असतात, म्हणजे पैसे देऊन चूक पाठ करायची.

मुंबई आणि पुण्यात पीएमआयचे चॅप्टर आहेत, त्यांचे कार्यक्रम होतात. एखाद्या वेळी जाऊन बसा. अभ्यासाला सोबती मिळतो, आणि खरं सांगू, कामंही मिळतात.

परीक्षेची खोली

परीक्षा पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर किंवा घरून ऑनलाइन देता येते. मी केंद्रच सांगेन. घरून देताना खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, टेबल रिकामं हवं, कॅमेरा सतत चालू. आपल्या घरात चार तास दार न उघडणं, आणि त्यात लाइट न जाणं, हे किती घरांत जमतं ते तुम्हीच सांगा.

अर्जावरचं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळायला हवं. मराठी माणसाची इथे हमखास अडचण होते: एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर नाही. बहिणींचं तर माहेरचं एक, सासरचं एक. कुठलं ओळखपत्र घेऊन जाणार ते आधी ठरवा आणि अर्जात अक्षरशः तेच स्पेलिंग टाका.

२०२१ च्या आराखड्यातल्या पीएमपीत १८० प्रश्नांना २३० मिनिटं मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाहून किंचित जास्त. ६० प्रश्नांनंतर आणि १२० नंतर दहा-दहा मिनिटांची सुट्टी. सुट्टी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, म्हणून उठायच्या आधी ते ६० तपासून घ्या. प्रत्येक भागाला ७५ मिनिटांचं गणित ठेवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. पास व्हायला किती टक्के लागतात ते पीएमआय जाहीर करत नाही, तेव्हा "६१ लागतात", "७० लागतात" या चर्चेत रात्र घालवू नका. अर्ज मंजूर झाला की वर्षभरात तीन वेळा बसता येतं, पण परत बसायची फी पडते.

पास झाल्यावरही एक खर्च राहतो, वेळेचा. दर तीन वर्षांनी पीएमपीला ६० आणि सीएपीएमला १५ पीडीयू, म्हणजे शिकत राहिल्याचे तास, दाखवून नूतनीकरण करावं लागतं. बजेट करताना हेही धरा.

आता गृहपाठ. वरच्या मसाला युनिटमध्ये फरशी-वायरिंगच्या माणसाने काम १५ ऐवजी ३३ दिवसांत केलं, वीज मात्र वेळेवर, म्हणजे ३० दिवसांतच आली. युनिट कितव्या दिवशी पूर्ण होईल, आणि क्रिटिकल वाट आता कुठली? वहीत चार वाटा परत मांडा आणि उत्तर खाली लिहा. त्या फरशीवाल्याला किती दिवसांचा उशीर माफ होता, तेही लिहा.